दोन पेल्यांखालची नावं

फेस, ४ फेब्रुवारी १९७४

चि. तुहामीस लल्ला बतूलचे अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला म्हणून रुसू नकोस. हल्ली गुडघे बोलतात आणि बोटं ऐकत नाहीत. शुक्रवारी कुसकुस केलं आणि सवयीनं तुझ्या आवडीचा भोपळा बाजूला काढला. शेजारची घीता हसून म्हणाली की लल्ला, तांजियरला पोचेपर्यंत त्या भोपळ्याला पाय फुटतील.

आता कामाचं. बांच्या मागाची खोली ते गेल्यापासून, म्हणजे अकरा वर्षं, बंद आहे. खोली वक्फच्या मालकीची, त्यांच्या कचेरीतून माणूस येऊन गेला. मार्चअखेर खोली वापरात दिसली नाही, तर चपलांच्या दुकानदाराला देणार म्हणे. इकडे घीता आणि तिच्या तीन मैत्रिणी विणायला शिकव म्हणून माझ्या मागे लागल्यात. मी जन्मभर बांच्या कांड्या भरल्या, ताणा लावून दिला, पण मागावर कधी बसले नाही. आता बसावंसं वाटतं. किल्ली तू घेऊन गेलास, ती धाड.

आपले गुरुवार आठवतात का रे? पुदिन्याचा चहा, आणि आठवड्यात आपण कुठे कमी पडलो ते बांना सांगायचं. अल्लाहच्या नव्याण्णव नावांतलं एकेक त्यांनी आपल्याला दिलं आणि म्हणाले, देव होता येत नाही, पण त्याचा रंग लावून घेता येतो. लोकर एका बुडीत रंग धरत नाही. ते असेपर्यंत नाव कुणाला सांगायचं नाही, ही अट. ते गेल्यावर, चाळिसाव्याच्या दिवशी आपण एकमेकांना सांगितलं. मला मिळालेलं सबूर, धीर धरणारा. तुला फत्ताह, बंद दारं उघडणारा. तर माझ्या फत्ताहा, तेवढं एक दार उघड.

तुझ्या नातीला, राबियाला गालगुच्चा. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी थोरली बहीण, लल्ला

तांजियर, १५ फेब्रुवारी १९७४

ती. लल्ला बतूल हिस धाकट्या तुहामीचे सप्रेम सलाम, वि. वि.

भोपळ्याबद्दल वाचून भूक लागली. इथे पूर्वेचा वारा सुटलाय, टोपी डोक्यावर टिकत नाही. जकातीच्या नोकरीतून सुटलो, पण घरात बसवत नाही. दिवसातून तीनदा बंदरावर जातो. राबिया म्हणते, जहाजं काही तुझी आठवण काढून रडत नाहीत, मग जातोस कशाला?

किल्लीचं म्हणशील, तर उन्हाळ्यात मी येतो, मग बघू. बांच्या बसायच्या फळीवर उद्या कोणाकोणाच्या पोरी बसणार, हे मला बघवणार नाही. मागावर त्यांचं अर्धं विणलेलं कापड आहे, ते तसंच राहू दे. वक्फवाल्यांना मी इथून लिहितो. तू आपल्या नावाला जाग, लल्ला. अकरा वर्षं थांबलीस, आणखी चार महिन्यांनी काय होतंय?

औषध वेळेवर घे. आशीर्वाद असू दे.

तुहामी

फेस, ६ मार्च १९७४

चि. तुहामीस अनेक आशीर्वाद.

कचेरीला दाखवायला खोलीचा जुना कागद शोधत होते. लोकरीच्या पेटीच्या तळाशी बांची वही सापडली. त्यात आपल्याला नावं दिली त्या गुरुवारची नोंद आहे. बांच्या अक्षरात स्वच्छ लिहिलंय : बतूल, फत्ताह. तुहामी, सबूर.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. आठवतं ना तुला? घडी घातलेल्या चिठ्ठ्या पेल्यांखाली ठेवल्या होत्या. हिरवा पेला माझा, पांढरा तुझा. तबक पुसताना यम्माच्या हातून चिठ्ठ्या इकडच्या तिकडे झाल्या असतील. तिला तरी काय बोल लावायचा, बिचारी गेली.

पण एक गोष्ट मनातून जात नाही. रबातच्या मास्तरीणबाईंनी मला त्यांच्या शाळेत कामासाठी मागितलं, तेव्हा बा हो म्हणाले होते. नको मीच म्हटलं. यम्मा आजारी, माझं नाव धीराचं, म्हटलं आपण थांबावं. बा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. का बघत होते, ते आत्ता कळतंय.

मुदतीला पंचवीस दिवस राहिले. किल्लीचं कळव.

बतूल

तांजियर, १६ मार्च १९७४

ती. लल्ला बतूल हिस सलाम.

यम्माला बोल लावू नकोस. चिठ्ठ्या मी बदलल्या.

तू पाणी आणायला गेली होतीस, बा अंगणात पुदिना खुडत होते. मी पांढऱ्या पेल्याखालची उघडली. सबूर. अकरा वर्षांचा होतो मी. वाटलं, हे नाव घेतलं की जन्मभर बांच्या शेजारी कांड्या भरत बसावं लागणार. मग तुझी उघडली, आणि मला समुद्र दिसला. त्यानंतर बा दर गुरुवारी विचारायचे, कुठे कमी पडलास? मी दर वेळी दुसरंच काहीतरी सांगायचो.

पुष्कळ दारं उघडली, लल्ला. एकाही दाराच्या आत फार काळ बसलो नाही. चाळिसाव्याला तू आपलं नाव सांगितलंस तेव्हा बोलायला हवं होतं. त्याऐवजी मी खोलीला कुलूप घातलं. बांची आठवण हे निमित्त होतं. तू मागावर बसली असतीस, तर मी तुझं काय घेतलं ते मला दिसलं असतं.

किल्ली सोबत धाडली आहे. माफ कर असं लिहायला हात धजत नाही.

तुहामी

फेस, २५ मार्च १९७४

चि. तुहामीस आशीर्वाद.

किल्ली पोचली. पण तुझं पत्र यायच्या चार दिवस आधीच मी जिलाली लोहाराला बोलावून कुलूप तोडलं. तो कुरकुरला की भावाला विचारलंस का? मी म्हटलं, भावाची वाट बघणं हे माझं काम नव्हतं, हे मला जरा उशिरा कळलंय, तू हातोडा मार. काल वक्फचा माणूस येऊन खोली बघून गेला, जाताना दोन पेले चहा पिऊन गेला. खोली राहिली.

तुझं पत्र वाचून दोन दिवस मी मनातल्या मनात तुझ्याशी कडाकडा भांडले. चव्वेचाळीस वर्षं परत येत नाहीत. येतात असं गोड बोलून दाखवणार नाही. पण ती फुकट गेली असंही म्हणवत नाही. या पोरी दिवसात पन्नासदा धागा तोडतात आणि मला राग येत नाही. इतक्या बुड्यांनी चढलेला रंग आहे हा, चुकीच्या हौदातला असला तरी.

तुझ्या किल्लीला आता कुलूप उरलं नाही. घीतानं ती ताण्याला वजन म्हणून बांधली आहे.

बांच्या कापडाला मी हात लावलेला नाही. मुलींना दुसरा माग लावून दिला. ते कापड हातभर राहिलंय आणि ते तुझं आहे. दिवसाला चार बोटं होतात, मध्ये उठायचं नाही, इथे बंदरही नाही. गुरुवारी ये. हिरवा आणि पांढरा पेला घासून ठेवलेत. बांना जे सांगायचं राहिलं, ते त्यांच्या फळीवर बसून सांग.

लोभ आहेच, वाढवायचा असेल तर येऊन वाढव. वाट बघणार नाही. चहा मात्र दोघांचा टाकीन.

बतूल