मीरा फोन उचलत नाही

१९ एप्रिल २०२१, सोमवार
मीराच्या आईचा फोन आज माझ्या मोबाईलवर. ऊसतोड संपवून पाथर्डीकडे निघालेत, मागे ट्रॅक्टरचा आवाज. "आगं एस्तर, पोरगी माझा फोन का उचलंना? बरी हाय ना?" मीरा समोरच्याच कॉटवर. हातानेच नको म्हणाली. "ड्युटीवर आहे, मावशी." थाप मारली.
नर्सिंगला आल्यापासून आम्ही दोघी एका खोलीत. आईशी बोलल्याशिवाय न जेवणारी ही पोरगी. शनिवारी कोविड वॉर्डातून आली, तेव्हापासून आईशी बोलणं बंद. काय झालं असेल?

२० एप्रिल
आम्हाला शिकवणाऱ्या गायकवाड मॅडमनी हॉस्टेलच्या गच्चीवर लांब लांब बसवून 'मानसिक प्रथमोपचार' शिकवला. आम्ही विद्यार्थिनींनी एकमेकींनाच द्यायचा. बघा, ऐका, मदत करू शकेल अशा माणसापर्यंत पोचवा. बस्स.
मी : नुसतं ऐकून काय होतं मॅडम?
मॅडम : करून बघ. आणि प्रश्न जरा कमी विचार.
सगळ्या हसल्या. पण खरंच कळलं नाही. औषध नाही, सल्ला नाही, मग यात उपचार कुठला?

२१ एप्रिल
करून बघितलं. फसलं. मीराला विचारलं, झोप लागते का, रडू येतं का, वॉर्डात कोण गेलं...
"मी काय पेशंट हाय का तुझी?" तोंड भिंतीकडे.
बघायचं राहूनच गेलं होतं. ते संध्याकाळी केलं. डाव्या हाताने जेवते! उजवा मांडीवर, बोटं अर्धी मिटलेली, काहीतरी धरल्यासारखी. लागलेलं तर काही दिसत नाही.

२३ एप्रिल, शुक्रवार
लाईट गेलेली, जीव नकोसा करणारा उकाडा. गॅलरीत चादरी पिळत होतो. एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे. या वेळी एकही प्रश्न विचारला नाही. बऱ्याच वेळाने तीच बोलायला लागली.
शनिवारी एका आजींना मुलीशी व्हिडिओ कॉल लावून दिला होता तिने. मोबाईल आजींच्या तोंडासमोर धरलेला. मुलगी राहुरीहून सांगत होती, आंब्याला पाड लागलाय, तू आलीस की उतरवू. ऐकता ऐकता आजी गेल्या.
"तिच्या आधी मला कळलं, एस्तर. पण हात हलंना माझा. तसाच फोन धरून उभी. तिनं सगळं बघितलं. बंद करायला पायजे हुता मी."
'तुझी चूक नाही' अगदी ओठांवर आलं होतं. "मग?" एवढंच म्हणाले. तर ती आणखी बोलली. फोन वाजला की वाटतं, उचलावा अन् समोर आई तशीच...
शेवटी म्हणाली, "कुणाला सांगू नको." मी हो म्हणाले नाही.
दोन घास जास्त जेवली. डाव्याच हाताने.

२४ एप्रिल
सांगून टाकलं, "मॅडमशी बोलू या. तुला घेऊन. तुझ्या मागे नाही बोलणार."
भडकली. "घरी धाडतील मला. आन् घरी गेले की लगीन." तेही खरंच. मामा स्थळ घेऊन बसलाय. दिवसभर अबोला. पाचच्या सुमारास चप्पल घालून दारात उभी. "चल. बोलते मी. तू नुसती बस."
बसले. मॅडम मध्ये एकदाही बोलल्या नाहीत. घरी धाडलं नाही! तूर्त तिचं वॉर्डात जाणं बंद, औषधांच्या खोलीत ड्युटी. उद्या-परवा मनोविकाराच्या डॉक्टरांशी गाठ घालून देणार.

२६ एप्रिल
आजींच्या मुलीचा निरोप. फोन धरलेल्या सिस्टरला भेटायचंय म्हणे. मॅडमनी मीराला स्पष्ट सांगितलं, नाही म्हणालीस तरी चालेल.
"शिव्या द्यायलाच येत आसंल."
"माहीत नाही मला," मॅडम म्हणाल्या. मॅडमनाही माहीत नसतं, हे मला का कोण जाणे आवडलं.
मीरा डॉक्टरांकडे जाऊन आली. भेटीला हो म्हणाली.

२८ एप्रिल, बुधवार
आली ती बाई. माझ्या आईच्या वयाची असेल. ती गेटबाहेर, मीरा आत, मध्ये लोखंडी गज, दोघींना मास्क. मी नि मॅडम लांब लिंबाखाली. ऐकू काही येईना. आधी बाईच बोलत होती. मग मीरा, खूप वेळ. बाईने डोळ्यांना पदर लावला. आणि एकदा, शपथ, दोघी हसल्या! कशाला हसल्या असतील? मला राहवेना. "चुळबुळ बंद कर," मॅडम.
मीरा परत आली. मी नुसती बघत राहिले.
"विचार की."
"नाही विचारत."
"बरं झालं. आज न्हाई सांगता यायचं."
वॉर्डात परत कधी, असं मॅडमनी विचारलं. "बघते," म्हणाली. घरी जायचं का, त्यालाही "बघते".
आत्ता फोन लावलाय आईला. व्हिडिओ नाही, साधाच, कानाला. "आये, बरी न्हवते मी," एवढं म्हणाली. अजून फोन ठेवलेला नाही. पलीकडे आई काय बोलतेय, ते माझ्यापर्यंत ऐकू येत नाही...