टेबलाखालच्या दुर्र्या

राहुरी,
मंगळवार, भर दुपार (तुझी मामी झोपली आहे)

चि. दिशा हिला अजिनाथमामाकडून वयाच्या नात्याने आशीर्वाद आणि विद्येच्या नात्याने नमस्कार. दोन्ही एकाच पाकिटात घातलेत, हवं ते आधी घे.

तू बरी असशील. डबा नीट मिळतो का, आणि तुझ्या संख्याशास्त्राच्या तासाला पोरं बसतात की झोपतात, ते सवडीने कळव. इकडे सगळे खुशाल. तुझ्या मामीचा गुडघा कुरकुरतो, पण तिच्यापेक्षा कमी. माझी तब्येत ठणठणीत. (गिरणीपर्यंत जाताना मधे देवळाच्या कट्ट्यावर जरा टेकतो, पण तो कट्टा लोकांनी टेकावं म्हणूनच बांधलाय.) फोन का नाही केला म्हणशील, तर आपल्या घरात फोन कायम स्पीकरवर असतो हे तुला ठाऊक आहे. तर पहिली बातमी ही की पीरमहंमदचं हृदयाचं ऑपरेशन झालं, माणूस घरी आला, आणि काल दारापर्यंत चालत येऊन मलाच विचारतो, 'अजून हायेस का रं तू?' पोरी, हे तुझ्यामुळे झालं. कसं, ते सांगायला बसलोय. मधे माझी थोडी फजिती येईल, तेवढी सोसून घे.

दिवाळीच्या सुट्टीत तू आम्हाला पोकर शिकवून गेलीस. आम्ही म्हणजे मी, गिरणीवाला पीरमहंमद, कानिफनाथ टेलर आणि दूधवाला बन्सी. प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, मधे एकेक करून पाच उघडे, आणि सगळे मिळून ज्याचा मेळ भारी त्याने मधला चिंचोक्यांचा ढीग ओढायचा, एवढं सगळ्यांना समजलं. पण 'मामा, पत्त्याला भुलू नका, शक्यता मोजा' हे तुझं वाक्य फक्त माझ्या डोक्यात शिरलं. कारखान्याच्या वजनकाट्यावर जन्म काढलेला माणूस मी, मोजायचं म्हटलं की मला चेव येतो. तू म्हणालीस, वाईट पत्ते सरळ टाकून द्यावेत. मी इतके टाकले की बन्सी म्हणाला, 'ह्यो खेळाय येतोय का पत्ते परत द्याय?' बरं, चांगले पत्ते आले तर माझे कान लाल होतात म्हणे. म्हणून मी मफलर बांधून बसू लागलो. मग मी नुसती मफलरची गाठ सारखी केली, तरी तिघेही डाव सोडून तंबाखू मळायला लागायचे. चांगले पत्ते घेऊन मी एकटाच बसलेला, आणि मधे चार चिंचोके!

आता दुर्रीचं ऐक. एके दिवशी गिरणीत डाव चालला होता आणि ढीग चांगलाच माजला होता. माझ्या हातात एक्का आणि तिर्री, मधे चौका, पंजा आणि दोन निकामी पत्ते. एक पत्ता उघडायचा बाकी. दुर्री आली की एक्का-दुर्री-तिर्री-चौका-पंजा अशी सलग रांग, आणि ढीग आपला. मी गव्हाच्या पोत्यावर पेन्सिलीने हिशेब मांडला. न पाहिलेले पत्ते शेहेचाळीस, त्यात दुर्र्या चार, म्हणजे साधारण बारात एक. ढिगात पंधरा मुठी आणि मला घालायची एकच. तू शिकवलंस तसं अगदी चोख बसलं. शिवाय (हे तू शिकवलेलं नाही, उलट कान धरून बजावलं होतंस, तरी सांगतो) दिवाळीपासून एकही दुर्री दिसली नव्हती, तेव्हा आता ती येणारच, असं मला मनापासून वाटलं. शेवटची मूठ घातली. आली राणी. तीही कानिफनाथच्या कामाची.

मी उठून हात आपटला, तसं टेबल डुगडुगलं. बन्सी खाली वाकला आणि टेबलाच्या आखूड पायाखालची पुठ्ठ्याची घडी सरकवता सरकवता हसायलाच लागला. ती घडी पुठ्ठ्याची नव्हतीच. चारही दुर्र्या होत्या! पूर्वी आम्ही सहा जण मेंढीकोट खेळायचो. आठ-आठ पत्ते वाटले की चार उरतात, म्हणून दुर्र्या काढून ठेवायची पद्धत. पुढे दोघे गाव सोडून लेकांकडे गेले, मेंढीकोट बंद पडला, आणि पीरमहंमदने त्या दुर्र्या कधीतरी पायाखाली सारल्या. ज्या टेबलावर मी दुर्रीची वाट बघत होतो, ते टेबलच दुर्र्यांवर उभं होतं! तिघे हसून हसून पिठात लोळले. मी घरी येऊन तुझ्या मामीला सांगितलं, तर ती म्हणाली, पत्ते मोजून घ्यायचं कुणाला सुचलं नाही का. तेव्हा फार राग आला. पण बाईचं वाक्य डोक्यात राहिलं.

त्याच आठवड्यात पीरमहंमदला गिरणीतच घाम फुटला. नगरला नेलं. डॉक्टर म्हणाले, बायपास करावी लागेल, शंभरातले अठ्ठ्याण्णव सुखरूप घरी जातात. हा गडी अडून बसला. 'उरलेले दोघं कोन, ते सांगा आधी. मीच असलो तर?' बायकोने, म्हणजे बानूभाभींनी, रडून पाहिलं, नातेवाइकांनी ओरडून पाहिलं. न केलं तर काय, असं मी विचारलं, तेव्हा डॉक्टरांनी आकडा सांगितलाच नाही, नुसता चष्मा काढला. चाळीस वर्षांचा दोस्त आहे गं. मग मला एकदम दुर्र्या आठवल्या. मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, हे अठ्ठ्याण्णव पत्त्यांच्या कुठल्या कॅटमधले? सगळ्यांतले, की आमच्या वयाच्या आणि शुगर असलेल्यांतले? डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिले. (मफलर होता, त्यामुळे त्यांना मी कोण ते कळेना.) मग नीट कागद बघून म्हणाले, यांची शुगर फार आहे, आत्ता एवढी खात्री देत नाही. औषधं चालू आहेत, आधी शुगर खाली आणू, मग शंभरात शहाण्णव तरी म्हणता येईल. बानूभाभींनी घरातली गूळ-साखर शेजारी पोचवून टाकली. शुगर आली की खाली! दिशा, त्या दिवशी तू समोर असतीस तर पाया पडलो असतो. हा प्रश्न माझ्या बापजन्मात मला सुचला नसता.

औषधं घेऊन घरी आला, तरी गडी 'हो' म्हणेना. म्हणून मी गिरणीत पत्ते मांडले. दुर्र्या सरळ करून परत घातल्या, बावन्न मोजून दाखवले. म्हटलं, यातले दोन काळे एक्के तेवढे वाईट, बाकी सगळे चांगले. डॉक्टर म्हणतात ते एवढंच, बावन्नात दोन म्हणजे शंभरात चार. ओढ एक. त्याने डोळे मिटले, ओढला, उलटा केला. किलवरचा एक्का!

कानिफनाथने माझ्याकडे असं बघितलं की आता याचंच माप घ्यावं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आणि पीरमहंमद तो एक्का हातात धरून खदाखदा हसला. म्हणाला, 'चला, वाईट पत्ता निघून ग्येला! आता हाय काय? सांगा डॉक्टरला, येतो म्हनावं.' आता तूच सांग, हे साफ चूक आहे ना? पत्त्यांना आठवण नसते आणि ऑपरेशनच्या टेबलाला आमच्या गिरणीची खबर नसते, हे तूच शिकवलंस. सांगायला मी तोंड उघडलंही. तेवढ्यात बानूभाभींनी माझ्याकडे बघितलं, आणि मी तुझं सगळं शास्त्र आवंढ्यासकट गिळलं. तुझ्या बरोबर गणिताने त्याची शुगर उतरवली आणि त्याच्या चुकीच्या गणिताने तो टेबलावर चढला. दोन्हींचे उपकार आहेत, पण तुझे जास्त. बानूभाभींनी तुला दुवा सांगितल्यात. मी नुसतं पत्र लिहितोय, पण लिहिताना डोळे भरून येतात, हे खरं आहे.

तुझा,
अजिनाथमामा

ता.क. पोकर बंद झालं. पीरमहंमदला जागरण, तंबाखू आणि माझा चेहरा, तिन्ही वर्ज्य सांगितलंय. (तिसरं डॉक्टरांनी नाही, त्याने स्वतःच जोडलं.)

ता.क. दुसरा. टेबल पुन्हा डुगडुगतंय. येताना जाड पुठ्ठा आण.

ता.क. तिसरा. 'येताना' म्हणालो, कारण यायचंच आहे तुला. नगरला पीरमहंमदबरोबर मीही सहज तपासून घेतलं होतं. तो देवळाचा कट्टा उगीच नाही गं. मलाही तेच ऑपरेशन सांगितलंय, पुढच्या सोमवारी. तुझ्या मामीला अजून ठाऊक नाही. मला शुगर नाही, कॅट मोजून घेतलाय, शंभरात अठ्ठ्याण्णव, आकडा पीरमहंमदपेक्षा चांगला आहे. गणित सगळं कळतं. पण सकाळपासून पत्ते समोर ठेवून बसलोय आणि एक ओढायला हात होत नाही. तू ये. शक्यता सांगू नकोस, मामीला सांग, आणि माझ्याजवळ बस.