बुवांनी उसना दिलेला गळा

बाई, आज सकाळी भांडी लावताना तुमची आठवण आली आणि काहीच वाटलं नाही. हे असंच होतं. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी परातीत ज्वारीचं पीठ मळत होते. सगळ्या भाकरी झाल्या, मग हात धुतले. रडू येत नाही, तर निदान घडलं ते सांगावं म्हणून लिहायला बसले आहे.

भवानी पेठेतली तुमची खोली. शेजारी दिवसभर विणकरांच्या मागांची खडखड, आणि गाणं शिकवताना तुम्ही म्हणायचात की या खडखडीत सूर धरायला शिकलीस तर कुठंही गाशील. मग मिरजेला तुमच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि तुम्ही परतलात ते आवाज गमावून. श्वासातून चार शब्द निघायचे, तेवढेच. उद्यापासून येऊ नकोस, असं तुम्ही मला खुणेनं सांगितलंत. मी तरीही आले, कारण घरी काय सांगायचं ते कळेना. तबल्याचे चाचाही आले. ते रोजच्या वेळेला येऊन तबला जुळवायचे, ठेका धरायचे, तुम्ही बोटांवर मात्रा मोजायचात, मग चहा पिऊन ते जायचे. तब्येतीची चौकशी त्यांनी कधी केली नाही.

बुवांच्या कानावर त्यांनीच घातलं असणार. बुवा म्हणजे गावातले दुसरे मोठे गवई, माळशिरसकडचे, बोलणं अजून तिकडचंच. त्यांचं घराणं वेगळं, आणि कुठल्याशा बैठकीतल्या बोलाचालीपासून तुमचा दोघांचा अबोला. एक दिवस ते दारात उभे राहिले. आत आले आणि माझ्याकडं न बघता तुम्हाला म्हणाले, "पोरगी तुमची हाय, तुमचीच ऱ्हाईल. गळा तेवढा माझा वापरा."

तुम्ही भिंतीकडची सतरंजी पुढं ओढलीत. मग हातानं बसायची खूण केलीत.

तेव्हापासून ते येत राहिले. तुम्ही हातानं सूर दाखवायचात, ते गायचे, तुम्ही मान हलवून नाही म्हणायचात, ते पुन्हा गायचे, आणि तुम्हाला पटलं की मी तेच म्हणायचे. त्यांची तान वेगात धावायची, तुमची संथ उतरायची. ती हयातभराची सवय मोडताना त्यांना घाम फुटायचा. चाचा एकदा म्हणाले, "बुवा, तुमे तो बाई के शागिर्द हो गए." बुवा म्हणाले, "व्हय, शिष्य व्हायला जरा उशीरच झाला."

गणपतीत पेठेतल्या मंडपात माझं पहिलं गाणं झालं, तेव्हा माझ्या मागं तानपुऱ्यावर बुवा बसले. एवढा गवई एका पोरीच्या मागं, म्हणून लोक कुजबुजले. गाणं संपल्यावर कुणीतरी त्यांना म्हणालं की शिष्या चांगली तयार केलीत. बुवांनी पुढं खुर्चीत बसलेल्या तुमच्याकडं हात केला. "गाणं त्यांचं हाय. मी नुसता निरोप्या." तुम्ही उठलात, त्यांच्या हातातला तानपुरा घेतलात आणि उठायला त्यांना हात दिलात. त्यांचे गुडघे आखडले होते.

थंडीत तुम्ही गेलात. बुवांनी खांदा दिला, चाचा शेवटपर्यंत सोबत चालले. पुढं कितीतरी वर्षं बुवांनी मला शिकवलं, पण तुमचंच. एकदा मी धीर करून त्यांच्या घराण्याची एक बंदिश मागितली. "बाईंना विचारून सांगतो," म्हणाले. तुम्हाला जाऊन तेव्हा बरेच दिवस झाले होते. ती बंदिश त्यांनी कधी दिली नाही, आणि मीही पुन्हा मागितली नाही.

आता तेही नाहीत, चाचाही नाहीत. हे पत्र पाठवायला जागा नाही, म्हणूनच एक सांगता येतं. तुमचा आवाज मला आठवत नाही, बाई. डोळे मिटून तुमची तान ऐकायला जाते, तर बुवांचा गळा ऐकू येतो, आणि मी तोच तुमचा म्हणून ऐकत राहते.