संतोषचा पेनड्राइव्ह

मंगळवार, संध्याकाळ. इंटरनॅशनल सिटी, आखातातली आमची खोली.

मोठा आयटीवाला मी! रूममेट संतोषने परवा लेकीच्या बारशाच्या फोटोंचा पेनड्राइव्ह दिला. माझ्या लॅपटॉपवर विंडोजच्या आतच लिनक्स ही दुसरी सिस्टीम चालते; मी फक्त तिच्यात शोधला, दिसला नाही. सगळ्यांसमोर म्हणालो, "खलास. ड्राइव्ह मेला." साइटवरून दमून आलेला तो उलट मलाच सॉरी म्हणाला.

आज कळलं, लिनक्स सुरू झाल्यावर लावलेला ड्राइव्ह तिथे आपोआप येत नाही, माउंट करावा, म्हणजे कमांड देऊन जोडावा लागतो. आणि विंडोजमध्ये? तिथे फोटो पहिल्यापासून होते. मी उघडून पाहिलंच नव्हतं. त्याचं ते सॉरी काही डोक्यातून जात नाही.

फोटो दिले. संतोष लगेच गावी बायकोला फोन लावून माझ्याकडे बघत म्हणाला, "दादांनी मेलेला ड्राइव्ह जिवंत केला गं!"

मी हसून मान डोलावली.