अल्सीडकाकांचं शेवटचं बोलणं

लाफायेट, लुइझियाना
१२ मार्च १९८४

ती. बाबांस उत्तराचा नमस्कार.

आम्ही खुशाल आहोत. आईचा गुडघा कसा आहे?

शेजारचे अल्सीडकाका गेले. इथल्या केजन, म्हणजे मूळच्या फ्रेंच, लोकांच्या लग्नांत त्यांनी साठ वर्षं व्हायोलिन वाजवलं, फ्रेंच गाणी म्हटली. लहानपणी फ्रेंच बोलले म्हणून शाळेत मार खाल्लेला, त्यामुळे मुलीला ती भाषा शिकवलीच नाही. शेवटच्या दिवशी मात्र फ्रेंचमध्येच काहीतरी सांगत राहिले. मुलगी रडत मला विचारत होती, "तुला कळतंय का, पापा काय म्हणतायत?"



दफनाच्या वेळी त्यांची कॅसेट लावली. चाल सगळ्यांनी गुणगुणली, शब्द चार म्हाताऱ्यांनाच येत होते.

घरी येऊन विक्रमला कुशीत घेऊन हे सगळं मराठीत सांगितलं. तो म्हणाला, "व्हॉट, आई?"

बाबा, फोनवर त्याच्यासाठी इंग्रजी बोलू नका. नाही कळलं तरी मराठीतच बोला.

तुमची,
उत्तरा