भट्टीबाहेरची ज्योत

सोमवार, ३ मार्च
पोचले एकदाची कोरोनेलला! खिडकीतून समुद्र दिसतो. घरमालकीणबाईंनी आल्या आल्या गरम पाव आणि कुस्करलेला अॅव्होकाडो पुढ्यात ठेवला. विद्यापीठाची आमची शेड काचकारखान्याच्या आवारातच आहे. काच वितळवायची भट्टी तेलाऐवजी हायड्रोजनवर चालवून दाखवायची. जमलं तर धूरही जाईल आणि कारखानाही टिकेल. प्रोफेसर ग्रिसेल्डाबाईंनी निम्मं आयुष्य यात घातलंय. सगळे त्यांना नुसतं 'प्रोफे' म्हणतात.

गुरुवार, ६ मार्च
हायड्रोजनची ज्योत दिवसाउजेडी डोळ्यांना दिसत नाही. उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यात तेवढी दिसते. म्हणून माझा सहकारी निबाल्दो शेडमध्ये लांब दांड्याची केरसुणी पुढे धरून चालतो. ती पेटली की समजायचं, गळती आहे. मला हसू आवरेना. "हस, आयलीन, हस," तो म्हणाला. "लग्न जमेना, म्हणून हिलाच घेऊन फिरतो."

मंगळवार, ११ मार्च
आज कॅमेऱ्यात दोन ज्योती दिसल्या. एक भट्टीत. दुसरी बाहेर, भिंतीपाशी, माणसाच्या उंचीची. प्रोफे म्हणाल्या, पत्र्यावरची झळाळी असेल. गॅस बंद केला. भट्टीतली विझली. भिंतीपाशीची नाही.

गुरुवार, १३ मार्च
ती पुढे सरकलीय. गळती कुठेच सापडली नाही. ज्योत लवलवते, ही नुसती उभी असते. मी दाराकडे गेले की तीही वळते. प्रोफेंना म्हटलं, थांबवा हे. त्या म्हणाल्या, उद्या कारखान्याची माणसं बघायला येणार, आता थांबलो तर भट्टीला कुलूपच. बोलताना त्या भिंतीकडे पाठ करत नव्हत्या. त्यांनीही पाहिलंय.

शुक्रवार, १४ मार्च
निबाल्दो आत गेला. म्हणाला, "घाबरतेस काय, तू कंट्रोल रूमच्या काचेआडून कॅमेऱ्यात बघ आणि मला सांग कुठंय ती." मी माइकवरून सांगत होते. डावीकडे. आणखी पुढे. मग — थांब म्हणायच्या आत —
केरसुणीच्या आधी त्याची बाही पेटली. कॅमेऱ्यात दिसलं, तिने त्याला कवेत घेतलं होतं.
गॅस तोडला. पाण्याचे फवारे सोडले. तो विझला. हलत नाहीये. ती तशीच.

ठिणगी नको म्हणून फोन सगळ्यांचे फाटकावर जमा. माइक शेडपुरताच. या खोलीला दार एकच, शेडमध्ये उघडणारं.

प्रोफे येतायत, पाहुण्यांना घेऊन. आवारात, उन्हात. मी आवाराकडच्या खिडकीची काच बडवली, दोन्ही हातांनी परत जा म्हटलं — त्यांना वाटलं मी बोलावतेय. हात हलवतायत. हसतायत.

ती शेडच्या मोठ्या दाराकडे वळली —

ती त्यांना दिसणार नाही. मी पेटले तर मी दिसेन. तेवढ्याने थांबतील.

कडी तापलीय. ओढणी गुंडाळून उघडते. आईला सांगा, मी —