हरकतीचे पंधरा दिवस

६ नोव्हेंबर

मंगल गेली. सकाळी आठला मुकादमाचा ट्रॅक्टर आपल्या प्लॉटवर येऊन थांबला. भांडी, गोधड्या, कोंबड्यांची डालगी, दोन्ही पोरी, नवरा सोमेश्वर — सगळं चढलं. मग ती धावत माझ्या ओट्यापाशी आली. पदराच्या गाठीतून किल्ली सोडली आणि माझ्या हातावर ठेवली.

"आक्का, घर तुमच्यावर हाय बगा."

नऊ वर्षं हेच वाक्य. आता पाच महिने कोल्हापूरकडे ऊसतोड. नवरा-बायको मिळून एक कोयता, पोरी पाचटात खेळणार. माझ्या मागच्या दारातून तिचं कुलूप लावलेलं घर दिसतं आणि मला करमत नाही. हे तिला कधी सांगितलेलं नाही.

२० नोव्हेंबर

विठ्ठलराव येऊन गेले. दीर आहेत, वरून गोड बोलतात. "वैनी, जागा पडून हाय. बाईमानसाच्यानं राखनं होत न्हाई. मला द्या, लॉज बांधतो."

सुंदररावांना जाऊन तीन वर्षं झाली. तीन वर्षं हेच चाललंय. मी तेहतीस वर्षं शाळेत कारकून होते, हेडमास्तर माझ्या सहीवाचून हलत नसत, आणि मला म्हणे जागा राखता येत नाही!

नांदूरघाटची, नेकनूरची माणसं इथे मोटारसायकली लावून बस धरतात. निम्म्या माझ्याच प्लॉटवर, फुकट. ठरवलं — पे अँड पार्क काढायचं. नगरपंचायतीचा परवाना, माझ्या नावाचा, फ्रेममध्ये. मग बघू कोण लॉज बांधतो ते.

११ डिसेंबर

लिहू की नको असं झालंय. पण इथे नाही लिहायचं तर कुठे?

नगरपंचायतीत राधाकिशन म्हणून लिपिक आहे. माणूस सरळ. त्याने नकाशा उलगडला आणि उत्तरेच्या कडेवर बोट ठेवलं.

"मॅडम, ही सहा फुटाची पट्टी काय हाय?"

"पायवाट आहे."

"कुनाच्या वहिवाटीची आसंल तर तेवढी जागा वजा करावी लागंल. मग गाड्या बसत न्हाईत, परवान्याला जागा कमी पडतीय. कुनाची हाय?"

ती मंगलची आहे. तिच्या सासऱ्यापासून ते लोक तिथूनच येतात-जातात. सुंदररावांनी कधी कागद केला नाही, पण कधी अडवलंही नाही. नाहीतर तिला ओढ्याकडून जावं लागेल — गटाराच्या कडेने, पोरी काखेला मारून, डोक्यावर पाणी घेऊन.

मी म्हणाले, "कुणाची नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी पडलीय."

राधाकिशनने मान हलवली. नवा नकाशा आणा म्हणाला, पट्टी काढून. किती सहज बोलले मी! शाळेत जन्मतारखेत खाडाखोड करणाऱ्या बापांना मी दारातून परत पाठवायची.

२८ डिसेंबर

नवा नकाशा दिला. पट्टी नाही.

६ जानेवारी

आज नोटीस लागली. कुणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावी. एक ऑफिसच्या फळ्यावर, एक प्लॉटच्या खांबावर, एक लगतच्या घराला. घर बंद असेल तर दाराला चिकटवायची, तसा नियम आहे.

म्हाळू शिपाई डिंकाची वाटी घेऊन आला. नोटीस चिकटवली, मोबाइलवर फोटो काढला. पुरावा लागतो म्हणे. मग जरा थबकला.

"मॅडम, हे आमच्या नेकनूरच्या लेकीचं, मंगलचं घर न्हवं का?"

"हो."

"कळवलंय ना तिला?"

"हो हो. फोन असतो तिचा."

फोन असतो हे खरं. बाकी खोटं. निम्मा तालुका ऊसतोडीला गेलेला असताना हरकती मागवायच्या, आणि त्या बंद दारांवर चिकटवायच्या! हे मी ठरवून केलं नाही. पण डिसेंबरमध्ये अर्ज देताना हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, असं इथे तरी लिहिणार नाही.

१२ जानेवारी

रविवार. मंगलचा फोन. एरवी महिन्यातून एकदा करते, यंदा आठवड्यात दुसऱ्यांदा.

"आक्का, घर बरं हाय का?"

"बरं आहे."

"दार-बिर?"

"आहे की. दाराला काय होतंय?"

"काय नवं?"

मी पोरींची चौकशी केली. धाकटीला खोकला आहे. थंडी लई हाय म्हणाली. "बरं मग," म्हणाली आणि ठेवला.

सांगायला किती लागलं असतं? दोन वाक्यं. मी तिला काढा सांगितला, अडुळशाचा.

१४ जानेवारी

संक्रांत. मंगलने परवाच्या फोनवरच सांगून ठेवलेलं — "माझ्या उंबऱ्याला हळदीकुंकू लावा आक्का, सुना राहू देऊ नका." विधवेला असं कुणी सांगत नाही. ती सांगते. सुंदरराव गेले त्या वर्षी साऱ्या गल्लीत तिने एकटीनेच मला वाण दिलं होतं.

गेले. वाटी, तिळगूळ घेऊन, त्याच पायवाटेने. उंबऱ्याशी वाकले तर नोटिशीचा खालचा कोपरा सुटून फडफडत होता, थेट कपाळाशी. अर्जदार — श्रीमती वनमाला सुंदरराव. माझं नाव मी तिच्या दारात वाकून वाचलं.

हळद लावली, कुंकू लावलं. आणि मग काय केलं असेल मी? तो सुटलेला कोपरा अंगठ्याने दाबून नीट बसवला. तेहतीस वर्षांची सवय, कागद वाकडा बघवत नाही. घरी येऊन हात धुतले तरी बोटांना कुंकू राहिलंच. मला माझी लाज वाटते.

१९ जानेवारी

पुन्हा फोन. "आक्का, काय इशेष?"

"काही नाही गं."

"काईच न्हाई?"

"काहीच नाही."

२० जानेवारी

आज हिंमत करून ऑफिसात गेले. राधाकिशनला म्हणाले, ती पट्टी नकाशात परत दाखवायची असेल तर?

त्याने चष्मा काढला. "मग अर्ज नव्यानं, मॅडम. अन् जागा कमी पडती म्हनून तो नामंजूरच हुईल. मी आदीच सांगितलं व्हतं. कावून, कुनी काय बोललं का?"

"नाही. सहज विचारलं."

बाहेर विठ्ठलराव भेटले. कुणाकडून तरी कळलं होतं त्यांना. "परवान्याचं काय झालं वैनी? बसतंय का गणित?" असं हसले की मी तिथेच ठरवलं. बसतंय, मी म्हणाले.

त्यांच्या हसण्यावर ढकलणं सोपं आहे. ठरवलं मीच.

२१ जानेवारी

मुदत संपली. एकही हरकत नाही.

१० फेब्रुवारी

परवाना मिळाला. निळा शिक्का, गोल, ठसठशीत. राधाकिशन म्हणाला, "अभिनंदन मॅडम, तालुक्यात बाईमानसाच्या नावावर हा पयलाच." पेढे वाटले. विठ्ठलरावांकडे मुद्दाम चार जास्त पाठवले. फ्रेम करायला टाकला.

माझ्या वाट्याचा पेढा डब्यातच ठेवला.

२ मार्च

उत्तरेच्या कडेला पत्र्याचं कुंपण झालं. पायवाटेवर आता चार गाड्यांचे पांढरे पट्टे आहेत. मागच्या बाजूला एक लहान फाटक ठेवायला लावलं मी, मंगलच्या घराकडे. ठेकेदार म्हणाला कशाला, नकाशात नाही. मी म्हणाले ठेव.

तिला सांगेन, हे फाटक तुझ्यासाठीच. दिवसभर उघडंच असेल. आधी होतं तसंच की सगळं! चार वेळा मोठ्याने म्हणून बघितलं. चौथ्यांदा मलाच जरा पटलं.

मात्र नकाशात ते नाही. माझ्यानंतर कुणी त्याला कुलूप लावलं तर तिच्या पोरींनी कुणाला काय दाखवायचं?

नोटीस काढून टाकली. डिंकाचा चौकोन दारावर तसाच आहे. ओल्या फडक्याने घासला, निघत नाही.

१८ मार्च

पट्टा पडला, कारखान्याचा हंगाम संपला. मंगल आली. ट्रॅक्टरने फाट्यावरच सोडलं म्हणे. गाड्यांकडे, पत्र्याकडे तिने एकदा बघितलं. मी बोलायला तोंड उघडलं, फाटक म्हणाले, तुझ्यासाठी म्हणाले. तिने ऐकून घेतलं.

"नोटीस लागली त्याच दिशी म्हाळूदादानं फोटू धाडला व्हता, आक्का. मुकादम म्हनला, हितूनच हरकत लिवून देतो. म्या म्हनलं नगं, आक्का सांगतील. तुमी इचारलं आस्तं तर अंगठा दिला आस्ता म्या. तुमची जागा हाय."

किल्ली मागितली. मी दिली. तिने पदराला बांधली, धाकटीला कडेवर घेतलं, गोधड्यांचं गाठोडं डोक्यावर चढवलं आणि ओढ्याकडून गेली.

फाटक उघडंच होतं.